चहाचा कप आणि आडनाव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी पुण्याच्या लष्कर भागातल्या एका जुन्या चहाच्या हॉटेलात गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते. सुट्टीमुळे आत गर्दी होती. दारातला माणूस वहीत नावे लिहून घेत होता व टेबल मोकळे झाले की पुकारत होता. त्याने नाव विचारले. मी माझे पहिले नाव सांगितले. 'पुढे?' तो म्हणाला. 'तेवढंच लिहा,' मी म्हणालो. तोच माझी मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'कांबळे! आमचं आडनाव कांबळे आहे.' शाळेत नुकतेच पूर्ण नाव सांगायला शिकवले होते, त्याचा तो उत्साह.

त्या माणसाने 'कांबळे' लिहिले. दहा मिनिटांनी 'कांबळे' असे पुकारले. आम्ही आत गेलो, खिडकीजवळ बसलो. घरी आम्ही तिला चहा देत नाही, पण त्या दिवशी तिला सूट होती. चहा आला, मस्कापाव आला. तिने पाव चहात बुडवून खाल्ला, अर्धा कपात पडला, तो तिने चमच्याने काढून खाल्ला. आजूबाजूच्या कुणी मान वर करून पाहिले नाही. काहीही झाले नाही.

परंतु तिने आडनाव उच्चारले त्या क्षणी माझ्या पोटात जे काही हलले, ते मला नंतर कितीतरी दिवस सतावत राहिले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कलम १५ आणि कलम १७ मी वर्गात दरवर्षी शिकवतो. मग मी दारात अर्धेच नाव का सांगितले? कुणी मला तसे करायला सांगितले नव्हते. हा माझ्या भित्रेपणाचा प्रश्न असेलही, पण तो माझ्या एकट्याचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते.

आपल्या चळवळीचा इतिहास आपण पाणवठा आणि मंदिर या दोन ठिकाणांच्या आधाराने लिहीत आलो. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर. ते योग्यच आहे. तळे सार्वजनिक मालकीचे, त्यावर नागरिक म्हणून हक्क सांगता येतो. चहाचे दुकान मात्र वेगळ्या जातीची गोष्ट आहे. ते कुणाच्या तरी खाजगी मालकीचे असते आणि तिथे पैसे मोजून वस्तू मिळते. अर्थशास्त्राची पुस्तके असे सांगतात की बाजारात सगळ्यांचा रुपया सारखा. प्रत्यक्षात आमचा पैसा वरून टाकून घेतला जाई, त्यावर पाणी शिंपडले की तो शुद्ध होई आणि गल्ल्यात पडे. कप मात्र कितीही पाण्याने शुद्ध होत नसे. नाणे स्पृश्य आणि ते देणारा हात अस्पृश्य, ही कसरत जितकी चहाच्या दुकानात उघडी पडते तितकी विहिरीवर पडत नाही.

चहा हे पेय आपल्याकडे तसे अलीकडचे. चहाच्या मळेवाल्यांच्या आग्रहाने सरकारने १९०३ मध्ये चहावर उपकर बसवण्याचा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे गिरण्या, कारखाने, रेल्वेची स्टेशने यांतून तो लोकांच्या तोंडी लावला गेला. म्हणजे मनूने चहाविषयी काही सांगून ठेवलेले नव्हते. एका नव्या परदेशी धाटणीच्या पेयाला जातीचे नियम लावण्याची कोणतीही शास्त्राज्ञा नव्हती. तरी ते लागले, आणि अगदी आरंभापासून लागले. स्टेशनांवर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' असे पुकारे होत, 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' असे वेगवेगळे घडे असत. आमच्यासाठी तिसरा घडा नव्हता.

पुण्यातल्या चहाची एक गोष्ट सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. १८९० साली पंचहौद मिशनच्या मिशनऱ्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावले व चहा-बिस्किटे पुढे केली. न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासारखी माणसे त्यांत होती. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि जो गहजब झाला तो शंकराचार्यांपर्यंत गेला. चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. मी हे प्रकरण शिकवताना विद्यार्थी हसतात. मीही हसत असे. पण त्यातली एक गोष्ट गंभीरपणे घेतली पाहिजे. त्या मंडळींचा अपराध चहा पिण्याचा होता तितकाच नाव छापून येण्याचा होता. गुपचूप प्यालेला चहा पचला असता. तो बाटवणारा ठरला तो नाव जाहीर झाल्यावर. फरक इतकाच की त्यांच्यासाठी प्रायश्चित्ताची सोय होती. चहा पिऊन बाटलेला ब्राह्मण पंचगव्य घेऊन परत ब्राह्मण होत असे. ज्याच्या स्पर्शाने चहाच बाटतो त्याने कोणते प्रायश्चित्त घ्यावे?

त्याच्यासाठी एकच वाट उरे, ती म्हणजे नाव लपवण्याची. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींच्या एका छोट्या लिखाणात दोन प्रसंग सांगितले आहेत. ते माझ्या दारातल्या प्रसंगानंतर मी पुन्हा वाचले. पहिला १९०१ सालचा. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते, त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे थोरले बंधू व बहिणीची मुले सातारहून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशन मास्तर प्रथम आपुलकीने बोलला. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्याने तयार झाला, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री जकात नाक्यावर पाणी मागायचे होते. गाडीवाल्याने सांगितले होते की आपण मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावांनी तसे उर्दूत सांगून पाहिले. पाणी मिळाले नाही. जवळ अन्न भरपूर होते, पण पाण्यावाचून ती पोरे उपाशीच झोपली.

दुसरा प्रसंग बडोद्याचा, १९१७ सालचा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहाच्या नोंदवहीत त्यांना पारशी नाव लिहून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावर आले. सामान बाहेर, आणि जगातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा हा विद्वान सार्वजनिक बागेत.

या दोन प्रसंगांच्या मधल्या सोळा वर्षांत बाबासाहेबांचे शिक्षण कुठल्या कुठे गेले, पण नोंदवहीपुढे त्यांना तेच करावे लागले जे जकात नाक्यावर करावे लागले होते. मी दारातल्या वहीपुढे जे केले ते या रांगेत बसवण्याची माझी लायकी नाही. मला कुणी काठी दाखवली नव्हती. पण सवय कुठून आली ते मात्र तिथे दिसते.

येथे शहराविषयी दोन शब्द. मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी आपल्या मागच्या पिढीत जे प्रेम आढळते त्याचे कारण पाव-मस्क्याइतकेच हे आहे की इराणी गिऱ्हाइकाचे नाव विचारत नसे. तो स्वतः परक्या देशातून आलेला, नाक्यावरची जागा घेऊन बसलेला. त्याला संगमरवरी टेबलाशी बसणारे गिऱ्हाईक हवे होते, मग ते कुणीही असो. काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात बाबासाहेब बसून लिहीत असत असे सांगतात. ते हॉटेलही आता राहिलेले नाही. गावकुसाबाहेरून मुंबईत आलेल्या माणसाला शहराने जे दिले त्यात हे निनावीपण फार मोलाचे होते. तथापि त्याच मुंबईत, त्याच काळात, कापडगिरण्यांच्या विणखात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचे उष्टे सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे मांडला. गिरणीत मुकादम नाव-गाव जाणून असे, इराण्याच्या हॉटेलात कुणी जाणत नसे. शहर मुक्त करते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा भेद विसरू नये. शहराने जात मोडली नाही, ती न विचारण्याची काही ठिकाणे निर्माण केली.

आणि आता कोल्हापूर. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी राजवाड्यात चाकरीला होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांना हे कळले. मारणाऱ्यांना महाराजांनी काय शिक्षा केली याच्या कथा अनेक आहेत. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. महाराजांनी गंगारामांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करायला सांगितले व मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल निघाले.

महाराजांच्या अखेरच्या वर्षांतली ही गोष्ट. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता, सरकारी इमारती, पाणवठे, दवाखाने येथे शिवाशिव पाळू नये असे हुकूमही निघाले होते. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. हुकमांचा कारभार जोरात चालू होता. पण गंगारामांच्या हॉटेलात गिऱ्हाईक येईना. हुकूम काढून कुणाला चहा प्यायला लावता येत नाही, हे त्या राजाला समजले होते. तेव्हा महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. 'गंगाराम, चहा आण' अशी हाक ते मारीत आणि भर रस्त्यात चहा पीत, बरोबरच्या सवर्ण सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजीत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. सही घ्यायला आलेल्याला आधी गंगारामचा चहा, मग सही, असेही सांगतात. त्यातले तपशील कुणी कमीजास्त केले असतील, मूळ गोष्ट पक्की आहे.

आपल्या व्याख्यानांतून हा प्रसंग राजाच्या मोठेपणाचा म्हणून सांगितला जातो. मोठेपणा होताच. परंतु मला त्यात गंगाराम कांबळ्यांचे धाडस जास्त दिसते. राजा पाच मिनिटे थांबून निघून जाई. उरलेला दिवस गंगारामांना तिथे बसून काढायचा होता, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असताना की हे महाराचे हॉटेल आहे. ज्या पाण्याला शिवले म्हणून पाठ फुटली त्याच पाण्याचा चहा करून त्याच जातीच्या माणसांना तो विकायचा होता. आणि तोही नाव बदलून नव्हे, पारशी होऊन नव्हे, मुसलमान म्हणवून नव्हे. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत याच गंगारामांनी पुढाकार घेऊन आपल्या लोकांकडून वर्गणी जमवून नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे केले. मोठमोठ्या सरदारांच्या आधी.

हिंदू समाजात हॉटेलाच्या पाटीवर जात लिहिण्याची प्रथा जुनीच आहे. 'ब्राह्मणाची खाणावळ', 'मराठा खाणावळ', 'लिंगायत खाणावळ' अशा पाट्या कितीतरी गावांच्या स्टँडजवळ असत, काही अजून आहेत. नागपूरचे सावजी जेवण तर कोष्टी समाजाच्या नावावरच नामांकित झाले. तिथे जात ही जाहिरात असते. 'महाराची खाणावळ' किंवा 'मांगाचे हॉटेल' अशी पाटी मी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि जो ती लावील त्याने दिवाळे काढण्याची तयारी ठेवावी. आपल्यातले जे हा धंदा करतात त्यांपैकी पुष्कळजण देवाचे नाहीतर मुलीचे नाव देऊन मोकळे होतात. कुणाच्या पोटावर बसून मी त्यांना दोष देणार नाही. मीही दारात अर्धेच नाव दिले होते.

कायद्याची बाजूही याच अंगाने पाहण्यासारखी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायकचेऱ्या होत्या. म्हणजे जे सरकारी वा सार्वजनिक पैशाने चालते ते. चहाचे दुकान त्या कक्षेबाहेर राहिले. त्या ठरावाच्या आधारावर २० मार्च १९२७ रोजी महाडचे तळे चाखले गेले. त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते, हे आपण फारसे सांगत नाही. बाजार आणि बहिष्कार यांचे असे साटेलोटे असते.

हॉटेल घटनेत आले ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी. त्या दिवशी घटना समितीत, आज ज्याला आपण कलम १५ म्हणतो त्यावर चर्चा झाली, आणि त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्या मसुद्यात होते. 'दुकान' या शब्दात न्हावी, धोबी येतात काय, अशी शंका निघाली. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर फार थोड्यांनी लक्षात ठेवले आहे. त्यांचा आशय असा की दुकान म्हणजे केवळ आत पाऊल टाकण्याची जागा नव्हे. जिथे मालक येईल त्याला सेवा देण्यास तयार असतो ती प्रत्येक जागा म्हणजे दुकान, आणि हक्क सेवेचा आहे. बडोद्याच्या जिन्यावरून उतरलेला माणूसच प्रवेश आणि सेवा यांतला हा फरक इतक्या नेमकेपणाने सांगू शकतो. आत येऊ देणे वेगळे, सगळ्यांच्या कपात चहा देणे वेगळे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात उपाहारगृहातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आला तो याचसाठी. १९७६ मध्ये त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले.

अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावच्या एका दुकानातल्या गोऱ्यांच्या काउंटरवर चार काळे विद्यार्थी जाऊन बसले व त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. ते उठले नाहीत. त्यांच्याकडे तसा कायदा १९६४ साली झाला, आपल्याकडे तो घटनेतच होता. तरी त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. त्यांना रंग लपवता येत नव्हता, म्हणून बसावेच लागले. आपल्याला आडनाव लपवता येते.

कायदा असताना काय होते ते माझ्या वडिलांकडून ऐकलेले सांगतो. १९७२ चा दुष्काळ. आमचे गाव माणदेशातले. आजा खडीच्या कामावर होता. वडील नऊ वर्षांचे. पगार झाला त्या बाजारच्या दिवशी आजाने पोराला चहा पाजायचे कबूल केले होते. वडिलांनी तोवर हॉटेलातला चहा प्यालेला नव्हता. हॉटेल म्हणजे पत्र्याचे छप्पर, बाहेर बाकडे. आमच्या लोकांसाठी कान तुटलेली एक कपबशी वळचणीला खोचलेली असे. आजाने ती काढली, धुतली, पुढे धरली, वरून चहा ओतून घेतला. पोरासाठी दुसरा कप मागितला. दुसरा नव्हता, म्हणजे आमच्यासाठीचा नव्हता. हॉटेलवाल्याने मागच्या बाजूने नारळाची एक करवंटी आणून ठेवली. आजाने करवंटी स्वतःकडे घेतली आणि तुटका कप पोराला दिला. पैसे दोन चहाचे पूर्ण दिले. वडील हे सांगताना रागावत नाहीत. चहा गोड होता, एवढेच दरवेळी सांगतात. त्याच सुमारास बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' घेऊन महाराष्ट्रभर हिंडत होते. 'एक गाव एक कप' अशी चळवळ झाली नाही. तो तुटका कप पुढे केव्हातरी नाहीसा झाला. कुणी काढला, केव्हा काढला, त्याच्यावरून काही झाले का, हे वडिलांनाही सांगता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांच्या पाहणीत वेगळ्या कपांची नोंद आहे. म्हणजे तो सगळीकडून गेलेला नव्हता.

पुण्याहून परतल्यावर मी वडिलांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी विचारले, 'बिल किती झालं?' मी आकडा सांगितला. 'दोन च्याचं?' ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'पोरीनं आडनाव सांगितलं म्हणतोस. मग दिला ना कपात?' मी म्हणालो, 'दिला.' 'मग तू कशाला अर्धं सांगितलंस?' मला उत्तर देता आले नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक काम दिले आहे. आपापल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारायचे: हॉटेलातला वेगळा कप तुम्ही पाहिला का, तो कुठे ठेवलेला असे, कुणी धूत असे, आणि तो कोणत्या साली, कुणाच्या हातून गेला. शिवाय एक प्रश्न असा: गावात आपल्या माणसाने चहाचे दुकान काढले होते का, त्याचे नाव काय होते आणि ते किती दिवस चालले. आतापर्यंत सतरा गावांची टिपणे आली आहेत. कप सगळ्यांना आठवतो. दुकाने दोन सापडली, त्यातले एक आठ महिन्यांत बंद झालेले. या पत्रिकेच्या वाचकांपैकी ज्यांना आपल्या भागातली अशी माहिती असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावी, दुकानदाराचे पूर्ण नाव घालून.